पहिला नंबर राहिला

“तीन बायका सांगितल्या होत्या सिस्टर. तीन! आणि एकही नाही?”

डॉ. धारप मॅडम मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरून विचारत होत्या. सोनोग्राफीच्या खोलीत चार तरुण डॉक्टर वह्या उघडून उभे होते आणि मधलं टेबल रिकामं होतं. चादर मीच सकाळी घातली होती, एक सुरकुती राहू दिली नव्हती.

चौघेही आसपासच्या सरकारी दवाखान्यांतले. सोनोग्राफीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेत होते. पोटातल्या बाळात जन्मजात काही व्यंग आहे का, ते कसं शोधायचं हे शिकवायला मॅडम पुण्याहून तीन दिवसांसाठी आमच्या ग्रामीण रुग्णालयात आल्या होत्या. पहिले दोन दिवस पडद्यावरच्या चित्रांवर गेले. तिसरा दिवस खऱ्या बायकांचा. साडेचार-पाच महिन्यांच्या तीन गरोदर बायका आणायचं काम माझ्याकडे होतं. मी तिघींच्या घरी जाऊन, प्रत्येकीच्या सासूच्या हातचा गोडमिट्ट चहा पिऊन, होकार घेऊन आले होते.

दारात फडकं मारत असलेल्या कमळामावशींनी, आमच्या दवाखान्याच्या आयाबाईंनी, मान वर केली. “आवं मॅडम, आज आवस हाय. पोटुशी बाई आवसंला उंबरा वलांडंल व्हय?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “काय म्हणतायत या?”

“आज अमावास्या आहे मॅडम. आमच्याकडे गरोदर बाईला घराबाहेर पाठवत नाहीत.”

“मग तारीख ठरवली तेव्हा का नाही सांगितलंत?”

सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, हे अगदी ओठांवर आलं होतं. माझं तोंड तसं फटकळच. पण खरी गोष्ट अशी की मीच विसरले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात काळा ठिपका होता, तो मी बघितला नव्हता. त्या दिवसांत माझं कशातच लक्ष नसायचं.

“आता काय करायचं?” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा मला तीन महिने तारीख नाही. हे चौघं काय, चित्रं बघून शिकणार?”

“मी झोपते,” मी म्हणाले.

“झोपता म्हणजे?”

“टेबलावर. मला अठरा आठवडे झालेत.”

मॅडमची नजर माझ्या ढगळ एप्रनवर गेली. मग मावशींनी फडकं बादलीत टाकलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. “आवं सिस्टर! आन् मला ठावं न्हाई?” दवाखान्यातली पालसुद्धा त्यांना विचारून अंडी घालते, असा त्यांचा समज होता. तो मी त्या दिवशी मोडला.

तेव्हा माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझा नवरा हणमंत कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात कामाला. आमच्या माणदेशातली निम्मी घरं या गलाईच्या धंद्यावर चालतात. माणसं तिकडे आणि बायका इकडे. तो वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीला आणि जत्रेला. तिसऱ्या वर्षी एकदा दिवस राहिले होते. मी आनंदानं सगळ्या दवाखान्यात पेढे वाटले आणि दोनच महिन्यांत ते गेलं. त्यानंतर सहा वर्षं काही नाही. मूल हवं म्हणजे किती हवं, हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. लसीकरणाच्या दिवशी सुई टोचून झाल्यावर मी परक्याचं बाळ उगीच आणखी थोडा वेळ मांडीवर ठेवायची, गप्प करण्याच्या निमित्तानं. त्याच्या टाळूचा वास घ्यायची. आईनं हात पुढे केला की द्यावं लागायचं.

म्हणून या खेपेला आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, दम भरला होता. “पाच म्हैनं पुरं हुस्तवर त्वांड उघडायचं न्हाई. नजर लागती.”

आणि मी ऐकलं. वाडीवस्तीवर जाऊन बायकांना रागवणारी मी. तिसऱ्या महिन्यात नाव का नोंदवलं नाही, पहिली सोनोग्राफी का चुकवली, असं म्हणत ज्यांच्या दारात मी तासतास भांडले, त्या बायकांनी मला बघायला हवं होतं. आपल्याच दवाखान्यात तोंड शिवून हिंडत होते. एप्रन एक माप मोठा घेतला. उलट्या झाल्या तर पित्त म्हणून सांगितलं. बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी केली नाही, कारण ती करायची म्हणजे सगळ्यांना कळणार. आणि दुसरं कारण, जे मी आत्यांनाही सांगितलं नव्हतं: मला वाटायचं, बघितलं की जाईल.

मग त्या दिवशी का बोललीस, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मॅडमची पंचाईत झाली म्हणून, असं मी सांगायची. ते खोटं. दोन दिवस त्या खोलीत उभी राहून मी पडद्यावर लोकांच्या बाळांची हृदयं, बोटं, ओठ बघत होते आणि आतून तुटत होते. माझंही कुणीतरी बघावं, बघून चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आदल्या आठवड्यात ते पहिल्यांदा हललं होतं. आता ते जात नाही, असा मला धीर आला होता.

मॅडमनी फॉर्म पुढे केला. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, अशी कायद्यानं लागणारी सही मी केली. आजवर हजार बायकांच्या सह्या घेतल्या होत्या, स्वतःची पहिलीच.

“पहिल्या सोनोग्राफीची तारीख?”

“नाही केली.”

“तुम्ही? सिस्टर असून?” मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “बरं, झोपा. रागवायचं ते नंतर रागवते.”

मी टेबलावर पडले. आमच्या खोलीत मशीनचा पडदा डॉक्टरांच्या बाजूला असे, बाईच्या बाजूला नाही. कुणी काही विचारू नये, कुणी काही सांगू नये, म्हणून ती पद्धत. पडदा नीट वळवलाय ना, हे बघायचं कामही माझंच होतं. त्यामुळे मला दिसत होती ती फक्त समोरची भिंत आणि भिंतीवरचा तक्ता.

तो तक्ता माझ्याच अक्षरातला. मॅडमनी बारा नंबर सांगितले होते आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी ते पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिले होते. एक डोकं, दोन ओठ, तीन मान, चार कणा, पाच छाती, सहा हृदय, सात पोटाची भिंत, आठ जठर, नऊ मूत्रपिंडं, दहा मूत्राशय, अकरा हात, बारा पाय. मॅडमचा नियम कडक होता. नुसतं बघितलं असं चालणार नाही, नंबर घेऊन मोठ्यानं म्हणायचं, आणि मग ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’. “जे म्हटलं नाही ते बघितलं नाही, असं धरायचं,” हे त्यांनी दोन दिवसांत दहादा तरी ऐकवलं असेल.

पोटावर गार जेल पडली. मॅडमनी प्रोब टेकवला आणि एकदा सगळ्या पोटावरून फिरवला. मग त्या थांबल्या. फार नाही, एक श्वास घेण्यापुरत्या.

“आज आपण खालून सुरू करू,” त्या म्हणाल्या.

“खालून म्हणजे मॅडम?” हे डॉ. मुलाणी. चौघांत हुशार आणि चौघांत लाजरे. बोलताना कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

“बारापासून. पाठ केल्यासारखं म्हणताय सगळे. उलटं येतं का बघू. मुलाणी, तू म्हण.”

“प्रोब मी धरू का?”

“नको. आज मी धरते. तुम्ही दाखवते तेवढंच बघा.”

मला वाटलं, बाई माझी काळजी घेतायत. शिकाऊ हातात देत नाहीत. बरं वाटलं.

“बारा. पाय,” डॉ. मुलाणींनी सुरुवात केली. “मांडीचं हाड... दोन्ही आहेत. नडग्या दोन्ही. पावलं सरळ. ठीक.”

“पुढे.”

“अकरा. हात. डावा दिसतोय. मूठ मिटलेली आहे. आता उघडली! एक, दोन, तीन, चार, पाच. उजवापण. ठीक.”

“आईवानी कामाला लागलंय आत्तापासनं,” मावशी दारातून म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, तसं पोट हललं आणि मॅडम म्हणाल्या, “हलू नकोस गं.”

“दहा. मूत्राशय भरलेला आहे. ठीक. नऊ. मूत्रपिंडं, दोन. ठीक. आठ, जठर. ठीक. सात, पोटाची भिंत बंद आहे. ठीक.”

तक्त्यावरचं माझंच अक्षर मी खालून वर वाचत होते. प्रत्येक ‘ठीक’ला एक ओळ वर. मी आयुष्यात परीक्षा पुष्कळ दिल्या, पण निकाल असा ओळीनं आणि मोठ्यानं कुणी वाचून दाखवला नव्हता. आनंद मनात मावेना. कोइमतूरला आज संध्याकाळी फोन लावून हे सगळं एकेक करून सांगायचं, असं मी मनात ठरवून टाकलं.

“सहा. हृदय. कप्पे चार. ठीक.”

मॅडमनी एक बटण दाबलं आणि आवाज सुरू झाला. तो आवाज मी रोज दहा-पंधरा बायकांच्या पोटातला ऐकत आले होते. धावत सुटलेला, घाईघाईचा. आपल्या पोटातला ऐकताना तो वेगळाच लागतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जाऊ लागलं. मी ते पुसलं नाही. मॅडमनीही आवाज लवकर बंद केला नाही. शिकवण्यापुरता लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ तो त्या खोलीत चालू होता.

“पाच. छाती. ठीक. चार. कणा.” मॅडम प्रोब हळूहळू वर नेत असाव्यात. डॉ. मुलाणी म्हणाले, “खालून सलग आहे, मधे सलग आहे, वर...” आणि थांबले.

“मानेपर्यंत सलग आहे. ठीक,” मॅडमच म्हणाल्या. “पुढे म्हण.”

“तीन. मान.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “मॅडम...”

“मान विचारलीय मी. म्हण.”

“मान... ठीक.”

“दोन?”

“ओठ. ओठ सलग आहेत. ठीक.”

“छान. चला, चहा घेऊन या सगळे. मावशी, चहा टाका.”

वह्या मिटल्या. चौघे निघाले. मी पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघून हसत होते, कुणीतरी ‘अभिनंदन सिस्टर’ म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही. कुणी माझ्याकडे बघितलंच नाही. डॉ. मुलाणी तर दाराच्या चौकटीवर आपटले.

मग मी पुन्हा तक्त्याकडे बघितलं.

“मॅडम,” मी म्हणाले, “पहिला नंबर राहिला.”

मॅडम माझ्याकडे पाठ करून प्रोब पुसत होत्या. पुसून झालेला प्रोब त्या पुन्हा पुसत होत्या.

“हो.”

“जे म्हटलं नाही ते बघितलं नाही, असं तुम्हीच सांगता.”

“बघितलंय, शालन.”

माझं नाव त्यांना माहीत आहे हेही मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी ‘सिस्टर’ होते. त्या वळल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “कवटी तयार झालेली नाही गं. डोळ्यांच्या वर काही नाही.”

मला समजावून सांगायची गरज नव्हती, हेच वाईट. नोकरीच्या पहिल्या वर्षी असं एक बाळ मी बाळंतपणाच्या खोलीत माझ्या हातात घेतलं होतं. पाऊण तास जिवंत होतं. अशी बाळं जगत नाहीत. एक दिवस, फार तर दोन.

“पुन्हा बघा,” मी म्हणाले. “मशीन जुनं आहे. तुम्ही खालून आलात, कोन चुकला असेल. पुन्हा बघा.”

त्यांनी वाद घातला नाही. पुन्हा जेल लावली, पुन्हा बघितलं, डावीकडून, उजवीकडून, मला कुशीवर वळवून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“नाही, शालन.”

“मी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेतल्या होत्या. कळल्या दिवसापासून. एकही चुकवली नाही.”

“हे चौथ्या आठवड्यात ठरून जातं. तेव्हा तुला कळलंसुद्धा नव्हतं.”

“आणि बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी केली असती तर?”

“तर बाराव्या आठवड्यात कळलं असतं. तेवढंच.”

बाहेर कपबशांचा आवाज येत होता. मावशी कुणाला तरी सांगत होत्या की त्यांना पहिल्यापासून संशय होता.

“मला दाखवा,” मी म्हणाले.

मॅडमचा हात पडद्याच्या कडेवर गेला, पण त्यांनी तो वळवला नाही.

“मला माहितेय, पद्धत नाही. मीच फिरवते तो पडदा. पण माझं हे एकच आहे मॅडम. मला ते बघू द्या.”

त्या उठल्या, दाराला आतून कडी लावली आणि पडदा माझ्याकडे वळवला. छातीच्या खाली त्या गेल्या नाहीत. कायदा तो कायदा, आणि मला त्याची गरजही नव्हती. आधी त्यांनी मला डोकं दाखवलं, कारण मी तेच आधी मागितलं. ते मी इथे सांगणार नाही. मग त्यांनी हात दाखवला. इवलासा हात वर गेला, जिथे कपाळ असायला हवं होतं तिथपर्यंत, आणि तिथे त्याची मूठ उघडली.

दारावर टकटक झाली. “अजून पाच मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा टकटक झाली. “अजून पाच मिनिटं.” असं त्यांनी तीनदा केलं. तेवढा वेळ मी माझं मूल बघितलं.

त्या वेळी गर्भपातासाठी कायद्याची मुदत वीस आठवड्यांची होती. निर्णय मी घेतला, मीच सही केली. हणमंत कोइमतूरहून दोन गाड्या बदलून आला. आत्या अंगणातच उभ्या होत्या. तो पायरीवर चप्पल काढतोय तोवर त्यांनी सुरू केलं, “आवसंला जाऊन निजली त्या मशिनीखाली! म्या काय सांगितलं हुतं? नऊ वर्सांनी देवानं दिलं आन् हिनं...”

“आये, गप,” हणमंत म्हणाला. आईला तो आयुष्यात पहिल्यांदाच असं बोलला असेल. आत्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. त्यांनाही ते तेवढंच हवं होतं. माझा राग तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. तो खिडकीशी बसला होता. तासभर गेला. मग बाहेर बघतच म्हणाला, “त्याचं काय काय चांगलं हुतं?”

मी त्याच्याकडे बघितलं.

“न्हाई, समदंच वाईट नसंल की. काय काय चांगलं हुतं ते सांग.”

“बारा. पाय,” मी म्हणाले. “मांडीचं हाड दोन्ही सरळ. पावलं सरळ.”

“हां.”

“अकरा. हात. बोटं पाच-पाच.”

“नखं?”

“नखं दिसत न्हाईत मशीनवर.”

“असत्याल,” तो म्हणाला. “पुढं.”

मी सांगत गेले. हृदयापाशी आल्यावर त्यानं आवाज कसा होता विचारलं, आणि मी भर एसटीत तोंडानं तो करून दाखवला. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून बघितलं. दोन नंबरपर्यंत आलो तेव्हा सांगली दिसायला लागली होती. एकचं त्यानं विचारलं नाही.

सहाव्या दिवशी मी रिकामी परत आले. पुन्हा दिवस राहिले नाहीत. औषधं झाली, नवस झाले, आत्याही गेल्या. हणमंत आता कायमचा गावी आलाय आणि शेळ्या पाळतो. शाळेच्या आरोग्य तपासणीला मी आठवीच्या वर्गात जाते तेव्हा पोरांच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना माझा हात थोडा जास्त वेळ राहतो. यंदा ते आठवीत असतं. आता उंची किती असती, गणितात कसं असतं, माझ्यासारखं फटकळ की बापासारखं मुकं. मुलगा की मुलगी हेही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दोन्ही धरून चालते, म्हणजे दोघांची आठवण येते.

त्या घटनेनंतर वर्षभरानं धारप मॅडमचं पत्र आलं. त्यांनी प्रशिक्षणात एक दिवस सिस्टरांसाठी ठेवला होता. यंत्र डॉक्टरांनी चालवायचं, पण पडद्यावर काही दिसल्यावर त्या बाईजवळ कोण बसणार, कसं बसणार, हे शिकवायचं. शिकवायला त्यांनी मला बोलावलं. तेव्हापासून वर्षातून दोनदा मी जाते. मुलींना सांगते, प्रोब पुसत बोलू नका. बाईकडे पाठ करू नका. स्टूल ओढा, तिचं नाव घ्या. जे वाईट आहे ते सांगा, पण जे चांगलं आहे तेही सांगा, तिला ते लागणार असतं. आणि मग मी त्यांना धारप मॅडमची गोष्ट सांगते. एका बाईचं बाळ जगणारं नव्हतं हे दिसल्यावर त्यांनी यादी कशी उलटी फिरवली, म्हणजे त्या आईला आधी सगळं चांगलं ऐकायला मिळावं. ती बाई मी, हे काही वेळा सांगते, काही वेळा नाही.

गेल्या वर्षी मॅडमची शेवटची तुकडी होती. आता त्यांना काठी लागते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी रिकाम्या वर्गात डबे उघडून बसलो होतो. मी त्यांच्यासाठी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. त्या खात नव्हत्या.

“शालन, तू माझी ती गोष्ट सांगणं बंद कर,” त्या म्हणाल्या.

“कुठली?”

“उलट्या यादीची. पोरी माझ्याकडे देवी बघितल्यासारख्या बघतात. मला सहन होत नाही.”

“मग काय खोटं आहे त्यात?”

“सगळं खोटं आहे.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “पहिल्याच फेरीत मला डोकं दिसलं. समोर चार पोरं वह्या उघडून, आणि तू तोंडभर हसत पडलेली. मला काय बोलावं ते सुचेना. तीस वर्षांत इतकी मी कधी घाबरले नव्हते. हात आपोआप पायांकडे गेला. म्हटलं, बारा नंबर होईपर्यंत काहीतरी सुचेल. पाय झाले, हात झाले, सुचेना. तुझ्यासाठी नव्हतं गं ते. मी पळत होते. तू प्रत्येक ‘ठीक’ला हसत होतीस आणि मी प्रत्येक ‘ठीक’ला तुला फसवत होते. त्या हृदयाचा आवाजसुद्धा मी वेळ काढायला लावला होता.”

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

“तेरा वर्षं तुझी माफी मागायची राहिलीय,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

राग यायला हवा होता. मी वाट बघितली, तो आला नाही. मला दुसरंच दिसायला लागलं. मी नर्स असून शहाण्यासारखी वागले असते, तर बाराव्या आठवड्यातच सगळं संपलं असतं. पुढचे सहा आठवडे मला मिळाले नसते. ते हललेलं मला कळलं नसतं. आणि मॅडम त्या दिवशी धीरानं वागल्या असत्या, तर त्यांनी एक नंबरपासून सुरुवात केली असती, आणि पुढचे अकरा कुणी वाचलेच नसते. आम्ही दोघी चुकलो, म्हणून माझ्याकडे त्याचं जे काही आहे ते आहे.

हे सगळं त्यांना नीट सांगावं असं वाटलं, पण मला तेवढं बोलता येईना. मी त्यांचा हात धरला.

“मॅडम,” मी म्हणाले, “बरं झालं घाबरलात. नाहीतर मला ते भेटलंच नसतं.”